डागडुजीचा महिना

भोर आणि वेल्हे हा भरपूर पावसाचा मुलूख. इथल्या कौलारू घरांत पावसाआधी एक काम चुकत नसे, ते म्हणजे शाकारणी. मे महिन्यात माणसे छपरावर चढायची, कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा तपासायची, कुजलेली रीप बदलून पुन्हा ओळीने कौले बसवायची. ज्याने शाकारणी टाळली त्याला आषाढात घरभर पातेली मांडून ठेवावी लागत. पण छप्पर गळते म्हणून कोणी घर पाडत नसे, आणि गळू दे म्हणून सोडूनही देत नसे. आहे ते घर वर्षातून एकदा, ठरल्या वेळी, नीट करायचे असा रिवाज होता.

रमजान हा माणसाच्या बाबतीत असाच शाकारणीचा महिना आहे. अकरा महिन्यांत जीभ सैल सुटलेली असते, राग वाढलेला असतो, हाव बळावलेली असते. सरकलेली ही कौले जागेवर आणण्यासाठी एक महिना राखून ठेवला आहे. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करणे हा रोज्याचा बाहेरचा भाग झाला. जे हवेसे वाटते ते लगेच मिळालेच पाहिजे, या सवयीला लगाम घालणे हा त्याचा गाभा. माणूस बिघडला म्हणून टाकून देण्याजोगा होत नाही, तो दुरुस्त होऊ शकतो, हा या महिन्यामागचा विश्वास आहे.

मग याच महिन्यात घरातल्या वस्तूंच्या वाट्याला नेमके उलटे का येते?

२०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला आणि चंद्रदर्शनानुसार ईद लगोलग एक-दोन दिवसांत. २०२५ मध्ये तर ३० मार्चला पाडवा आणि ३१ मार्चला ईद होती. एकाच आठवड्यात दोन्ही घरांची खरेदी, म्हणून बाजार खूश. ‘जुने द्या, नवे न्या’चे फलक लागतात. मिक्सर आवाज करतो, बदला. पंखा हळू फिरतो, बदला. कुकरची शिट्टी होत नाही, बदला. बदलण्याआधी उघडून पाहावे, असे आता फार थोड्यांच्या मनात येते. हळू फिरणाऱ्या पंख्याचा बहुतेक वेळा फक्त कंडेन्सर गेलेला असतो. आवाज करणाऱ्या मिक्सरचा बुश किंवा कपलर झिजलेला असतो. कुकरचे रबर सैल झालेले असते. शे-दोनशे रुपयांत, तासाभरात होणाऱ्या कामापायी हजारो रुपयांची वस्तू भंगारात जाते.

नवे घेणे हा गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. कुरआनच्या सातव्या सूरेत, इबादतीला जाताना चांगला पेहराव करण्याचा आणि खाण्यापिण्यात उधळपट्टी न करण्याचा आदेश एकाच आयतीत आला आहे. म्हणजे चांगल्या राहणीला मज्जाव नाही, मज्जाव आहे तो ‘इस्राफ’ला. गरजेपलीकडे खर्चणे, वाया घालवणे, असा या शब्दाचा अर्थ. रमजानच्या प्रवचनांत इस्राफचा विषय हमखास निघतो, पण तो बहुधा इफ्तारच्या दस्तरखानावर उरलेल्या भज्यांपाशी आणि वजू करताना वाहू दिलेल्या नळापाशी थांबतो. माळ्यावर फेकलेली इस्त्री आणि उकिरड्यावर टाकलेला पंखाही इस्राफच आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू माणसांची आहे, आणि ती अधिक बोचणारी आहे.

पश्चिम महाराष्ट्राच्या गावोगावी दुरुस्तीची अनेक कामे मुसलमान कारागिरांकडे होती. कल्हईवाला, शिकलगार, पिंजारी, रफूगार. या धंद्यांची नावेच पाहावीत. ‘कल्हई’ आणि ‘रफू’ अरबी-फारसीतून मराठीत आले. ‘शिकलगार’ म्हणजे मूळचा सैकलगर, हत्यारांना घासून पुसून धार आणि झळाळी देणारा. ‘दुरुस्ती’ हा शब्द फारसी आणि ‘मरामत’ अरबी. ‘सांधणे’, ‘ठिगळ’ हे शब्द मराठीचे घरचे. भाषेने हे सगळे शब्द शेजारी शेजारी ठेवले, कारण ही कामे करणारी आणि करून घेणारी माणसे एकाच आळीत राहत होती.

कल्हईचेच उदाहरण घ्यावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवले की ते कळकते, पोटाला बाधते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा लेप. कल्हईवाला यायचा, झाडाखाली जमिनीत छोटा खड्डा करून भट्टी मांडायचा, भाता चालवायचा. भांडे तापले की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला कथील सर्वत्र फिरवायचा. काळवंडलेले भांडे क्षणात चांदीसारखे उजळायचे आणि पाण्यात पडताच चर्र आवाज व्हायचा. भोवती मुलांचे कोंडाळे. त्या रांगेत दर्ग्याच्या उरुसाची डेग असायची आणि देवळातल्या महाप्रसादाचे पातेलेही. भट्टी एकच, हात तोच. धर्म बदलला म्हणून कथील बदलत नव्हता.

शिकलगार विळी, कात्री, कोयता परजून द्यायचा. पिंजारी गादीतला दबलेला कापूस धनुकलीवर पिंजून पुन्हा फुलवायचा. यातल्या कोणीही नवी वस्तू विकली नाही. जुन्या वस्तूचे आयुष्य वाढवणे हीच त्यांची विक्री.

गावगाड्यात लोहार-सुतारांचेही असेच होते. बलुतेदारीत लोहाराला दर नांगरामागे पैसे मिळत नसत. वर्षभर कुणब्याची औते नीट ठेवायची आणि सुगीला ठरलेले धान्य घ्यायचे. या पद्धतीत जातीची जखडण होती, अपमान होता, आणि ती गेली हे चांगलेच झाले. पण तिच्यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. औत मोडले तर काम लोहाराचे वाढायचे, मिळकत नव्हे. त्यामुळे वस्तू टिकण्यात करणारा आणि वापरणारा या दोघांचाही फायदा होता. आज तो धागा तुटला आहे. वस्तू लवकर बिघडली तर ग्राहकाचे नुकसान होते आणि विकणाऱ्याची पुढची विक्री पक्की होते.

हा केवळ संशय नाही. १९२४ साली जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणायचे ठरवले. त्याआधीचे दिवे त्याहून जास्त टिकत. जादा टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड होता. आज असा उघड करार लागत नाही. मोबाइलची बॅटरी आत चिकटवून टाकली, झाकण स्क्रूऐवजी गोंदाने बसवले, सुटा भाग बाजारात पाठवलाच नाही, की काम भागते. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत टीव्ही बिघडला तर कंपनीचे अधिकृत केंद्र पुण्यात, पन्नास-साठ किलोमीटरवर. टीव्ही बांधून गाडीत घालून नेण्याचा खर्च आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी धरली की माणूस म्हणतो, नवाच घेऊ.

परिणाम असा, की कल्हईवाल्याची भट्टी विझली, पिंजाऱ्याची धनुकली खुंटीला लागली, शिकलगार सायकलला चाक जोडून गल्लोगल्ली हिंडू लागला. टपरीत मिक्सर आणि पंखे उघडून बसणारा आजचा कारागीरही त्याच वाटेवर आहे. आणि मग रमजानचा अखेरचा आठवडा येतो. ज्याच्याकडे निसाब, म्हणजे ठरावीक मर्यादेइतकी किंवा त्याहून जास्त बचत, वर्षभर राहिली आहे, तो तिचा अडीच टक्के हिस्सा जकात म्हणून काढतो. ईदच्या नमाजापूर्वी फितरा देतो. मोहल्ल्यात गरजूंच्या याद्या होतात. त्या यादीत ही नावे असतात, बंद पडलेल्या भट्टीवाल्याचे, हात थरथरू लागलेल्या रफूगाराचे. वर्षभर ज्याच्याकडे कोणी फाटका कोट नेला नाही, त्याच्या हातावर सत्तावीसव्या रोज्याला नोटा ठेवल्या जातात. देणाऱ्याला पुण्य मिळाल्याचे समाधान होते. घेणाऱ्याला काय वाटत असेल?

हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आला आहे. एक अन्सारी गृहस्थ मदत मागायला पैगंबर मुहंमद यांच्याकडे आला. घरात काय आहे, असे त्यांनी विचारले. एक जाडेभरडे वस्त्र, जे अर्धे पांघरायचे आणि अर्धे अंथरायचे, आणि पाणी पिण्याचा एक वाडगा, एवढेच होते. पैगंबरांनी त्या दोन वस्तू मागवून घेतल्या, लोकांत बोली लावली, दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न घ्यायला सांगितले, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणवले. त्या पात्याला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि त्याला लाकडे तोडायला पाठवले. पंधरा दिवसांनी तो परतला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते. मदतीची ही तऱ्हा लक्षात घेण्याजोगी आहे. हातावर पैसे ठेवण्यापेक्षा हाताला काम देणे वरचे मानले गेले, आणि त्यासाठी दांडा बसवण्याचे सुतारकाम खुद्द पैगंबरांना कमीपणाचे वाटले नाही.

पैगंबर घरी काय करत, असे हजरत आयेशा यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तरही असेच साधे होते. ते आपली पादत्राणे स्वतः सांधत, कपड्यांना टाके घालत, इतर माणसे घरात करतात ती कामे करत. खलीफा असताना हजरत उमर यांच्या अंगावरच्या वस्त्राला ठिगळे होती, हेही नोंदवलेले आहे. पुढे सूफींनी ठिगळांचा खिरका हा फकिरीचा मान मानला, तर नाथपंथी जोग्यांनी कंथा पांघरली. आणि मावळातल्या घराघरांत आजीने जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून गोधडी शिवली. उर्दूत तिलाच गुदडी म्हणतात. ठिगळाची लाज वाटणे ही या मातीतली जुनी रीत नव्हे. ती अलीकडे शिकलेली गोष्ट आहे.

तरीही दुरुस्तीचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. दुसऱ्या बाजूलाही वजन आहे.

पहिली गोष्ट, काही वस्तू बदललेल्याच बऱ्या. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, नव्या बीएलडीसी पंख्याला त्याच्या निम्मीही लागत नाही. जळका वास येणारी वायर, गॅसची जुनी नळी, कुकरचा निकामी सेफ्टी व्हॉल्व्ह यांत काटकसर करू नये. कल्हई करतानाही कथलात शिसे मिसळले असेल तर औषधापेक्षा दुखणे परवडले, म्हणून शुद्ध कथलाचा आग्रह धरावा.

दुसरी गोष्ट घरातल्या बाईची. दुरुस्तीचे कौतुक पुरुष करतो आणि मिक्सर आठ दिवस टपरीत पडून राहिला तर पहाटे तीनला उठून सहरीची चटणी ती पाट्यावर वाटते. तिने ‘नवा आणा’ म्हटले तर तो चैनीचा हट्ट नसतो. दुकानदार अर्ध्या तासात खोके हातात देतो आणि कारागीर ‘उद्या या’ म्हणतो. तो उद्या चार दिवस येत नाही. सांगितलेल्या भावाहून जास्त घेणे, चांगला भाग काढून जुना बसवणे, हेही घडते. दुरुस्तीला दिलेली वस्तू ही अमानत आहे, विश्वासाने सोपवलेली ठेव. वायदा पाळणे आणि अमानत जपणे हे रोज्याइतकेच दीनाचे काम आहे, हे कारागिरांनाही या महिन्यात ऐकवायला हवे.

तिसरी गोष्ट मजुरीची. दुरुस्ती स्वस्त वाटते, कारण ती करणाऱ्याचा वेळ स्वस्त धरला जातो. दुकानातल्या छापील किमतीपुढे मुकाट मान तुकवणारा माणूस चांभाराशी मात्र दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. मग त्या कारागिराचा मुलगा बापाच्या पाटावर बसायला नकार देऊन शिरवळच्या कारखान्यात हेल्परची नोकरी धरतो, याचे नवल वाटू नये. त्याने धुरात बसून कल्हईच करावी, असा आग्रह धरण्याचा हक्क कोणाला नाही. दुरुस्ती जगायची असेल तर ती जन्माने चिकटलेला धंदा राहून चालणार नाही. तिला कौशल्याची प्रतिष्ठा आणि त्या कौशल्याचा पूर्ण दाम लागेल.

जगात वारे थोडे फिरले आहे. नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅममध्ये २००९ साली ‘रिपेअर कॅफे’ सुरू झाला. ठरलेल्या दिवशी शेजारी एकत्र जमतात, बिघडलेल्या वस्तू आणतात आणि जाणकारांच्या मदतीने त्या नीट करतात. ही कल्पना पुढे अनेक देशांत पोचली. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही विद्युत वस्तूंवर, ती किती सहज दुरुस्त होते, याचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे फर्मान काढले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. २०२४ मध्ये दुरुस्तीसुलभतेचे गुणांकन ठरवण्यासाठी आणखी एक समिती बसली. पण दुरुस्तीचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही, आणि पोर्टलवरची माहिती वाचून वेल्ह्यात सुटा भाग मिळत नाही.

गरज मात्र तातडीची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. पूर्वी बोहारीण दारात यायची, जुने कपडे घेऊन पातेले द्यायची. तीही अदलाबदलच होती, पण तिने नेलेला सदरा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर चढायचा. ‘एक्स्चेंज’मध्ये दिलेल्या मिक्सरचे पुढे काय होते, हे देणारा विचारत नाही.

वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. त्या राजगडाच्या उभारणीची कथा इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला, पडझड झालेल्या गडाची डागडुजी काढली, आणि ती करतानाच धनाने भरलेले हंडे सापडले असे सांगतात. त्या धनातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. नवे उभारण्याला इथे कधीच विरोध नव्हता. पण आधी जुने नीट करायला हात घातला गेला, आणि नव्यासाठी लागणारे बळ त्यातूनच आले. ही गोष्ट ज्या खोऱ्यात सांगितली जाते, तिथे तरी बिघडलेली वस्तू उघडून पाहण्याआधी फेकली जाऊ नये.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. ईद आणि पाडव्याच्या साफसफाईत माळ्यावरच्या वस्तू खाली येतातच. त्यातली निदान एक, भंगारवाल्याकडे जाण्याआधी, कारागिराकडे जावी. मशिदीच्या जमातीने आणि गावातल्या तरुण मंडळांनी मिळून भोरमध्ये आणि वेल्ह्यात वर्षातून दोनदा दुरुस्तीचा दिवस ठेवावा. आयटीआयमधून वायरमनचे काम शिकलेल्या मुलामुलींनी आणि जुन्या कारागिरांनी एका मांडवात बसावे, दर फलकावर लिहावेत. त्यात मुलगी पंखा उघडताना दिसली तर आणखी चांगले. जकात जकातीच्या जागी राहीलच. मजुरी दिली म्हणून ती जकातीत धरता येत नाही, धरूही नये. पण गरजू कारागिराला जकातीतून हत्यारे त्याच्या मालकीची करून देता येतात. कुऱ्हाडीच्या दांड्याचा धडा तोच आहे.

कामगाराची मजुरी घाम वाळण्याआधी चुकती करावी, अशी इस्लामची ताकीद आहे. तेव्हा शीरखुर्म्याचे पातेले असो वा पुरणाचे, कल्हईला द्यायचे ते या आठवड्यात द्यावे, पूर्ण दाम द्यावा आणि लगेच द्यावा. ईदच्या यादीतले एखादे नाव पुढच्या रमजानपर्यंत कमी झाले, ते माणूस गेल्यामुळे नव्हे तर त्याला काम मिळाल्यामुळे, तर या महिन्याची शाकारणी नीट झाली असे म्हणता येईल.